शेवट ठाऊक असलेली गोष्ट

गाजलेल्या कथेच्या आधीं काय घडलें, तें सांगणारी दुसरी कथा मागाहून रचणें हा उद्योग वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. पुढें काय झालें हें सांगणाऱ्या लेखकाला निदान मोकळें रान असतें. पूर्वीं काय झालें हें सांगणाऱ्याला तेंही नसतें. कोण जगणार, कोण मरणार, कोणाचा जय होणार, हें सारें मूळ कथेनें आधींच ठरवून ठेवलेलें असतें. वाचक शेवटचें पान वाचूनच पहिल्या पानाकडे वळलेला असतो. मग अशा पूर्वकथेंत गोडी ती कसली उरावी? आणि तिनें मूळ कथेच्या तोडीस उतरावें, ही अपेक्षा तरी कितपत रास्त?

हा प्रश्न आमच्या घरांत गेले कांहीं महिने एकसारखा चर्चिला जात आहे, आणि त्याला निमित्त झाली आहे एक जपानी चित्रकथा. जपानांत चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात. ती उजवीकडून डावीकडे वाचावयाची असते, बहुधा केवळ काळ्या-पांढऱ्या रेषांची असते, आणि साप्ताहिकांतून क्रमशः प्रसिद्ध होऊन मग पुस्तकरूपानें निघते. माझा पुतण्या मूळ मालिकेचा कडवा अभिमानी. माझी कन्या पूर्वकथेची. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं दोघांचा वाद जुंपतो. सासूबाई हातांतली जपमाळ थांबवून ऐकतात आणि मधूनच, ‘‘तो आंधळा मेला का गं शेवटीं?’’ असें विचारतात. निवाड्याचें काम दोघांनींही माझ्यावर सोंपविलें, तेव्हां दोन्ही मालिका समग्र वाचल्यावांचून तोंड उघडावयाचें नाहीं असें मीं ठरविलें. एकीचे २८ भाग, दुसरीचे २५; एकूण ५३ भाग वाचून मग हें लिहावयास बसलें आहें.

मूळ मालिकेचें नांव ‘सेंट सेया’. तिचे कर्ते मासामी कुरुमादा. ‘वीकली शोनेन जंप’ या मुलांच्या साप्ताहिकांतून ती १९८६ पासून १९९० पर्यंत चालली. कथावस्तु ग्रीक पुराणांतून उचललेली आहे. पृथ्वीवर संकट आलें कीं अथेना ही देवता मनुष्यरूपानें जन्म घेते, आणि निरनिराळ्या तारकासमूहांचीं कवचें धारण करणारे योद्धे तिचें रक्षण करतात. त्यांत ब्राँझ, रौप्य व सुवर्ण अशा तीन श्रेणी आहेत. सुवर्णयोद्धे बारा, आणि ते बारा राशींचे! नायक सेया हा पेगासस, म्हणजे पंखांच्या घोड्याच्या तारकासमूहाचा, सर्वांत खालच्या श्रेणीचा योद्धा. देवीच्या छातींत बाण रुतलेला आहे. बारा तासांच्या आंत बारा राशींचीं बारा मंदिरें ओलांडून डोंगराच्या माथ्यावर पोहोंचलें तरच ती वांचेल. आणि प्रत्येक मंदिरांत आपल्याहून कितीतरी बलाढ्य असा एक सुवर्णयोद्धा उभा आहे. हें प्रकरण वाचतांना पुतण्याचा अभिमान मला पुरता समजला. एका मोठ्या घड्याळावर बारा ज्योती जळत आहेत, तासागणिक एकेक विझत आहे, आणि पांच पोरें ठेंचाळत, रक्तबंबाळ होत पायऱ्या चढत आहेत. इतकी साधी आणि इतकी घट्ट बांधलेली योजना साहसकथांत क्वचितच आढळते.

पूर्वकथेचें नांव ‘द लॉस्ट कॅनव्हास’. ती कुरुमादांच्या कथेच्या आधारें शिओरी तेशिरोगी या लेखिकेनें लिहिली व रेखाटली, आणि ‘वीकली शोनेन चॅम्पियन’ या साप्ताहिकांतून २००६ ते २०११ या काळांत ती प्रसिद्ध झाली. मूळ कथेंत एक उल्लेख वारंवार येतो: २४३ वर्षांपूर्वीं अथेना आणि पाताळाचा राजा हेडीस यांच्यांत असेंच एक महायुद्ध झालें होतें, त्यांतून शिओन आणि दोको असे दोनच सुवर्णयोद्धे वांचले. चीनमधल्या लुशान पर्वतावरील धबधब्यासमोर एक खुजा म्हातारा मूळ मालिकेंत वर्षानुवर्षें बसलेला दिसतो, तोच हा दोको. देवीच्या वरदानानें त्याचें हृदय वर्षभरांत एक लक्ष वेळांच धडकतें. म्हणजे सामान्य माणसाचा एक दिवस तें त्याचें एक वर्ष. २४३ वर्षें त्याच्या शरीरास २४३ दिवसांसारखीं. या एका उल्लेखावर तेशिरोगीबाईंनीं २५ भागांची इमारत उभी केली आहे.

तेव्हां वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतें कीं बारांपैकीं दहा जण मरणार. पुतण्याचा मुख्य आक्षेप तोच. तो म्हणतो, ‘‘काकू, कोण वांचणार तें आधींच माहीत असेल तर लढाई पाहावयाची कशाला?’’ त्यावर कन्या उत्तर देते, ‘‘दादा, तुझ्या मालिकेंत कोणी मरतच नाहीं, तर लढाई पाहावयाची कशाला?’’ हें उत्तर केवळ हजरजबाबी नाहीं. त्यांत तथ्य आहे. मूळ मालिकेंत पांचही तरुण योद्धे पुनःपुन्हा मरणाच्या दारांत जातात आणि परत येतात. कोणी आकाशांत उडाला, कोणी बर्फांत गोठला, कोणाचीं पांचही इंद्रियें हरपलीं. पुढच्या कांहीं प्रकरणांत तो पुन्हा उभा. असें चार-पांच वेळां झाल्यावर वाचकाचें काळीज हालावयाचें थांबतें. मूळ मालिकेंत शेवट ठाऊक नसतो, आणि तरीही आपली माणसें सुरक्षित आहेत हें आपण जाणून असतों. पूर्वकथेंत शेवट ठाऊक असतो, आणि म्हणूनच प्रत्येक पानावर धाकधूक असते. कारण येथें गेलेला तो गेला. प्रश्न ‘मरेल का?’ असा राहत नाहीं. ‘कशासाठीं मरेल, आणि मरतांना काय मागें ठेवील?’ असा होतो.

खरें पाहतां, शेवट ठाऊक असल्यानें गोडी कमी होते हें मत आपल्या लोकांनीं तरी मानूं नये. रामानें रावणास मारलें हें ठाऊक नसलेला श्रोता कोणत्याही कीर्तनास कधीं आला नसेल. तरी पिढ्यान् पिढ्या देवळें भरत आलीं. कर्णाच्या रथाचें चाक रुतणार हें जाणत असूनही त्या प्रसंगाशीं आपला कंठ दाटून येतोच. आपण कथेकडे जातों तें बातमी ऐकण्यासाठीं नव्हे.

पूर्वकथेचा मोठा गुण मला निराळ्याच ठिकाणीं दिसला. मूळ मालिकेंत कुरुमादांनीं कांहीं राशींवर अन्यायच केला आहे. कर्क राशीचा डेथमास्क हा आपण मारलेल्या लोकांचे चेहरे मंदिराच्या भिंतींवर मिरविणारा दुष्ट; त्याचें सुवर्णकवच देखील शेवटीं त्याला सोडून जातें. मीन राशीचा अफ्रोदिते सुंदर खरा, पण बळ हाच न्याय मानणारा. आमचा पुतण्या तिकडच्या गणनेनें कर्क राशीचा. (आपल्याकडे रास चंद्रावरून, तिकडे ती सूर्यावरून धरतात, हें येथें सांगितलें पाहिजे, नाहींतर घरोघर पत्रिका निघावयाच्या!) लहानपणीं आपल्या राशीचा योद्धा असा निघावा याचें त्याला मोठें दुःख झालें होतें, असें तो स्वतःच सांगतो.

तेशिरोगीबाईंनीं ही बाकी फेडली. त्यांच्या कथेंत कर्क राशीचा मानिगोल्दो हा तोंडाळ, टवाळ, पण अंतर्यामीं निष्ठावंत असा अनाथ आहे. सेज या वृद्ध गुरूनें त्याला जवळ केलें आहे, आणि प्रत्यक्ष मृत्युदेवतेशीं गुरु-शिष्य दोघे मिळून झुंजतात. मीन राशीचा आल्बाफिका तर मला विसरतां येत नाहीं. विषारी गुलाबांत वाढल्यामुळें त्याचें रक्तच विष झालें आहे. म्हणून तो कोणालाही जवळ येऊं देत नाहीं, कोणाचा हात हातांत घेत नाहीं. लोक त्याच्या रूपाची स्तुति करतात, आणि ती त्याला नकोशी वाटते. डोंगराच्या पायथ्याचें गांव वांचविण्यासाठीं तो एकटा लढतो व मरतो. सुवर्णयोद्ध्यांत पहिला बळी त्याचा. ज्या राशीला मूळ कथेनें दिखाऊ ठरविलें, त्या राशीला पूर्वकथेनें इतकें एकाकी आणि इतकें सोज्ज्वळ माणूस द्यावें, हें काम मूळ कथा पुसून टाकून केलेलें नाहीं. तिच्या शेजारीं बसून केलें आहे.

आणि सासूबाई ज्याची विचारपूस करतात तो आंधळा! कन्या राशीचा हा योद्धा भारतांतला आहे, आणि त्याचें नांव अस्मिता. आपल्याकडे हें मुलींचें नांव, त्यामुळें प्रथम हंसूं येतें. परंतु पतंजलींनीं सांगितलेल्या पांच क्लेशांत अविद्येच्या पाठोपाठ अस्मितेचा क्रम लागतो, हें ज्यांना स्मरतें त्यांना या नांवांत निराळाच अर्थ दिसेल. देवाच्या अगदीं निकट पोहोंचलेला हा मनुष्य सर्वांपासून अलिप्त आहे, देवीविषयीं देखील साशंक आहे. त्याच्या हातून शेवटीं काय घडावें? हेडीसच्या पक्षाचे १०८ पिशाच्चयोद्धे पुनःपुन्हा जिवंत होऊन येतात. त्यांना बांधून ठेवणारी १०८ मण्यांची जपमाळ सिद्ध करावयाची असते, आणि तिच्यांत तो आपलें सारें प्राणबळ ओततो. अलिप्ततेचा शेवट असा सर्वस्वदानांत होतो. हीच माळ मूळ मालिकेंत २४३ वर्षांनंतर कामास येते, आणि कन्या राशीचा तेव्हांचा योद्धा शाका हा बुद्धाप्रमाणें दोन शालवृक्षांच्या सान्निध्यांत देह ठेवतो. पूर्वकथा वाचून मूळ कथेकडे परत गेलें कीं त्या माळेचा प्रत्येक मणी जड वाटूं लागतो. पूर्वकथेची खरी कसोटी हीच असावी: तिनें मूळ कथेंतील एखाद्या वस्तूचें वजन वाढविलें का?

येथें घरची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वार्षिक श्राद्धांत आपण तीन पिढ्यांचीं नांवें घेतों. महालयांत यादी त्याहून लांबते. आमच्याकडील यादींत माझ्या यजमानांच्या पणजोबांचे थोरले बंधु येतात. नांव आणि गोत्र उच्चारलें जातें, पिंड ठेवला जातो, आणि गुरुजी पुढच्या नांवाकडे वळतात. त्यांच्याविषयीं घरांत एकच वाक्य उरलें आहे. १८९७ च्या प्लेगांत घरची मंडळी बाहेर झोंपड्यांत राहावयास गेलीं, हे मात्र आजारी शेजाऱ्याच्या शुश्रूषेसाठीं मागें राहिले आणि बाविसाव्या वर्षीं गेले. गेल्या पितृपक्षांत कन्येनें आजीला विचारलें, ‘‘आजी, ते कसे होते? रागीट होते कीं हंसरे? गाणें म्हणत असत का?’’ सासूबाई पुष्कळ वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘बाळ, तें सांगणारें कोणी राहिलें नाहीं.’’

त्या दिवसापासून आमच्या घरच्या वादाचें स्वरूप मला निराळें दिसूं लागलें. मूळ मालिकेंत मागच्या युद्धांतले योद्धे म्हणजे अशीच एक यादी आहे. ‘सारे मेले, दोघे उरले’, एवढेंच तिच्यांत आहे. पूर्वकथा त्या यादींतल्या एकेका नांवापाशीं थांबते आणि विचारते, हा कसा होता? कोणाचा शिष्य होता? कशाला भीत होता? मुलीला ती कथा इतकी कां आवडावी, याचें उत्तर मला मिळालें. वंशावळ सर्वांनाच असते. त्या वंशावळींतलीं माणसें फार थोड्यांना मिळतात. जपानांतली एक चित्रकर्ती केवळ कल्पनेच्या जोरावर काल्पनिक पूर्वजांना चेहरे देते, आणि आपण आपल्या खऱ्या पूर्वजांविषयीं म्हाताऱ्या माणसांना वेळेवर चार प्रश्न देखील विचारीत नाहीं.

परंतु निवाडा एकतर्फी होऊं नये. पूर्वकथेचे दोषही लहान नाहींत. एकेका योद्ध्याचें मरण म्हणजे आधीं त्याच्या बालपणाची आठवण, मग प्रतिज्ञा, मग झुंज, मग देहपात, असा सांचाच पडून गेला आहे. पुढें पुढें आठवण सुरू झाली कीं ‘याची घटका भरली’ हें कळूं लागतें. सुवर्णयोद्धे इतके भरदार उतरले आहेत कीं नायक तेन्मा त्यांच्यापुढें फिका पडतो. मूळ मालिकेंतला सेया बारा मंदिरें आपल्या पायांनीं चढला. तेन्माला पुष्कळदां वडील मंडळींनीं प्राण वेंचून मोकळ्या केलेल्या वाटेनें जावें लागतें. शिवाय युद्धाचा पसारा एवढा वाढविला आहे कीं, त्यामानानें २४३ वर्षांनंतरचें मूळ युद्ध धाकटें वाटावें. पूर्वकथेला हा मोह आवरतां आला असता तर बरें झालें असतें.

तेन्माचें दुर्बळपण भरून निघतें तें त्याच्या मित्रामुळें. अलोन हा चित्रें काढणारा कोंवळ्या मनाचा मुलगा. तेन्मा आणि अलोनची बहीण साशा यांच्याबरोबर तो वाढलेला. पुढें साशा अथेना ठरते, तेन्मा तिचा योद्धा होतो, आणि अलोनच्या देहांत हेडीस वास करूं लागतो. तो ज्याचें चित्र काढील तें मरतें. आणि साऱ्या मानवजातीचें एक अवाढव्य चित्र तो आकाशांत रंगवूं लागतो. मरणांतच जगाची सुटका आहे, असें त्या दयाळू मुलाला मनापासून वाटूं लागतें, ही या कथेंतली सर्वांत भयंकर गोष्ट. मूळ मालिकेंतला हेडीस शत्रु आहे. येथला घरांतलाच मुलगा आहे. हें दुःख मूळ कथेच्या आवांक्यांत नव्हतें, असें मला स्पष्ट वाटतें.

रेखाटनाविषयीं दोन शब्द. कुरुमादांची रेषा कांहींशी ताठर. पण तडाखा बसून योद्धा उंच उडतो आणि डोक्यावर आपटतो, असें पान आलें कीं तें डोळ्यांवर आदळतें. तेशिरोगींची रेषा नाजूक, केसांची बट आणि डोळ्यांतलें पाणी टिपणारी. गर्दीच्या लढाईंत मात्र कोण कोठें आहे हें शोधावें लागतें. हाणामारी पाहावयाची तर पहिली, चेहरे पाहावयाचे तर दुसरी.

या प्रकरणास आणखी एक मौजेचें अंग आहे. खुद्द कुरुमादांनीं त्याच साप्ताहिकांतून २००६ मध्येंच ‘नेक्स्ट डायमेन्शन’ ही आपली स्वतःची मालिका सुरू केली. तिच्यांतही तें जुनें युद्ध आहे, तेन्मा आहे, अलोन आहे. पण घटना निराळ्या, इतर योद्धेही निराळे. ती रखडत रखडत २०२४ मध्यें संपली. तेव्हां खरी पूर्वकथा कोणती, मूळ कर्त्याची कीं दुसरीची? पुतण्या म्हणतो, कर्त्याचाच शब्द प्रमाण. हा वाद आपणांस अपरिचित नसावा. एकनाथांचें भावार्थरामायण अपुरें राहिलें, तें त्यांच्या गावबा नांवाच्या शिष्यानें पुरें केलें असें परंपरा सांगते, आणि आपण दोन्ही मिळून एकच ग्रंथ मानतों. मोरोपंतांच्या नांवावर तर अष्टोत्तरशत रामायणें सांगतात! मूळ कर्त्याचा मान राखूनही दुसऱ्यानें चांगलें सांगितलेलें आपण मनापासून स्वीकारीत आलों आहों. माझ्या मतें, कर्त्याच्या स्वतःच्या पूर्वकथेहून तेशिरोगीबाईंची पूर्वकथा अधिक सरस उतरली आहे. तिच्यांत आरंभापासून शेवटापर्यंत एकच श्वास आहे.

मग मूळ मालिकेच्या तोडीची ती आहे का? निवाडा असा. नव्या कल्पनेंत मूळ मालिका श्रेष्ठ. कवचें, बारा मंदिरें, विझणाऱ्या ज्योती हें सारें तिचें, आणि पूर्वकथा तिच्या भांडवलावर उभी आहे. माणसें उभीं करण्यांत आणि मरणाला मरणाची किंमत देण्यांत पूर्वकथा वरचढ. ज्यांच्या घरीं वाचनवेडीं मुलें आहेत त्यांनीं मूळ मालिका आधीं वाचूं द्यावी. प्रथम यादी कळूं द्यावी, मग तिच्यांतलीं माणसें. पूर्वकथा मात्र मुलांच्या हातीं देऊन आपण दूर होऊं नये. तिच्यांत मृत्यु फार आहे, आणि मुलांना त्यावर बोलावयास वडील माणूस जवळ लागतें. हा निवाडा दोन्ही पक्षांना मान्य झालेला नाहीं. पुतण्यानें ‘नेक्स्ट डायमेन्शन’ पुन्हा वाचावयास घेतली आहे, आणि कन्येनें एक कोरी वही आणून आजीजवळ बसून जुन्या माणसांच्या हकीकती उतरून घेण्यास आरंभ केला आहे. आतांपर्यंत अकरा पानें झालीं आहेत.